हुंकार

"म्हणजे मुलगी निघून गेली तरी तुझं यंत्र तिला उत्तर देत बसतं?" मठाच्या अप्पांनी विचारलं.

शैलेश हत्तुरेला हा प्रश्न काही आवडला नाही. तो मठात आशीर्वाद घ्यायला आला होता, उलटतपासणी द्यायला नव्हे.

जिल्ह्यातल्या मुलींच्या वसतिगृहांचे प्रवेश दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याने बांधलेल्या वेबसाइटवर सुरू व्हायचे होते. गेल्या वर्षी त्याच्या सर्व्हरने पाऊण तासात मान टाकली होती. जागा हुकलेल्या कितीतरी मुली शिक्षण सोडून घरी बसल्या, त्यात मठाच्या शाळेतल्या सहाजणी होत्या. अप्पांनी त्यांची नावं काढली नाहीत. शैलेशला ती पाठ होती.

दुखणं त्याला ठाऊक होतं. पान उघडायला वेळ लागला की मुली कंटाळून ते बंद करत आणि पुन्हा उघडत. सर्व्हर मात्र सोडून दिलेल्या पहिल्या मागणीवरही इमानेइतबारे राबत राही, आणि खरोखर वाट पाहणाऱ्या मुली मागे रांगेत ताटकळत. समोर कुणी उरलं नसेल तर काम टाकून द्यायला शिकव त्याला, असं सोबतचे सगळे सांगून दमले होते. शैलेशने त्यांना उडवून लावलं आणि आणखी चार सर्व्हर जोडले.

"मी कुणाला अर्ध्यावर सोडत नाही, अप्पा," तो म्हणाला. हे वाक्य आपल्याला शोभतं असं त्याचं मत होतं.

"बरं. नीट सांग बघू."

शैलेशने लॅपटॉप उघडला. आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की गडी रंगायचा. अप्पा गोष्ट ऐकणाऱ्यासारखे हुंकार देत होते. हं… हं… मधे कधीतरी हुंकार थांबला, पण शैलेशच्या ते गावीही नव्हतं. पडद्यावर बोट ठेवून त्याने पाचही सर्व्हर समजावले, आकडे सांगितले, शेवटी स्वतःवरच खूश होऊन मान वर केली.

अप्पांची बैठक रिकामी होती.

ते अंगणात एका म्हातारीचा हात हातात घेऊन तिचं ऐकत होते. तिच्यामागे उन्हात आणखी चौघं उभी होती. शैलेशचं आटोपायची वाट बघून सगळी अवघडली होती.

"मी बोलत होतो, अप्पा." शैलेश चांगलाच दुखावला होता.

"कुणाशी?"

शैलेशने लॅपटॉप मिटला. पण हुशार माणूस गप्प बसला तरी आत वाद चालूच असतो. अंगणातली माणसं वाटेला लागेपर्यंत त्याने कसाबसा दम धरला आणि मग मनातलं बोलून टाकलं. खेड्यात रेंज धड नसते. गेली असं वाटणारी मुलगी पुष्कळदा गेलेली नसते, नुसती सावकाश येत असते. तिला मधेच तोडलं तर ते पाप कुणाच्या माथी?

अप्पा येऊन बैठकीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

शैलेश पुढे बोलणार होता, पण थबकला. झोपले? की जप करतायत?

"अप्पा?"

"हं."

त्याने एक वाक्य सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हं. आणखी एक वाक्य सांगून त्याने परत विचारलं.

…

तो थोडा थांबला. आणखी एकदा हाक मारली. काहीच आलं नाही, तेव्हा त्याने तोंड मिटलं.

अप्पांनी एक डोळा उघडला. "विचारण्यात किती वेळ गेला रे?"

शैलेशला हसू फुटलं. मग तो मठाच्या ओसरीत ठाण मांडून बसला आणि दुपार कलेपर्यंत उठला नाही. प्रत्येक पायरीआधी सर्व्हरने हाक द्यायची, जरा वाट पाहायची, ओ आली नाही तर हातातलं खाली ठेवून पुढच्या मुलीकडे वळायचं. चाचणीसाठी त्याने पडद्यावर हजारो खोट्या मुली उभ्या केल्या आणि त्यातल्या निम्म्या मधूनच गायब केल्या. एकट्या सर्व्हरने सगळा भार हसतखेळत पेलला, बाकीचे चार नुसते बसून होते. उद्या हा पडत नाही, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. सकाळीही तो छाती काढूनच आला होता, पण तेव्हा आतून खात्री नव्हती.

निघताना तो पाया पडला आणि तसाच घुटमळला.

"एक राहिलं, अप्पा. जागा मिळाली, मुलीचं नाव मी यादीत चढवतोय, आणि नेमकी तेव्हाच ती निघून गेली. मग तेही अर्धं टाकू?"

"नाव पुरं लिही," अप्पा म्हणाले. "उत्तर ऐकायला ती समोर असावी लागते. जागा तिची असायला ती समोर कशाला लागते?"