मोडलेला आडोसा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक तात्या होते. शहरातून येणाऱ्या मंडळींना भल्या सकाळी रानात न्यायचं आणि पाखरं दाखवायची, हा त्यांचा उद्योग. नुसतं पान हललं तरी तात्या पाखराचं नाव सांगत. "तात्यांबरोबर गेलं की पाखरू दिसणारच," असा त्यांचा बोलबाला झाला होता. आणि खरं सांगायचं तर, ते ऐकायला तात्यांना फार गोड वाटायचं.

ओढ्याकाठी एक करंज होता. त्याच्या पलीकडच्या झुडपात दर उन्हाळ्यात स्वर्गीय नर्तकाची जोडी घरटं बांधायची. नर पांढराशुभ्र, डोक्यावर काळा तुरा आणि मागे लांबच लांब शेपटी. घरटं असेपर्यंत करंजाच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, हा नियम तात्यांनीच घातलेला. तिथूनच बघायचं, दिसला तर दिसला.

एक वयस्कर बाई दरसाल येत आणि दरसाल नर्तक न बघताच परत जात. त्या वर्षी त्या काकुळतीला आल्या. "तात्या, पुढच्या साली हे गुडघे मला इथवर आणतील असं वाटत नाही. एकदा तरी दाखवा हो!"

तात्यांचं मन पाघळलं. त्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, "आज तात्यांचीही डाळ शिजत नाही वाटतं!" ते मात्र त्यांना चांगलंच झोंबलं.

"थांबा इथंच," म्हणत ते पुढे गेले. घरट्याच्या आड येणाऱ्या पानांच्या डहाळ्या त्यांनी हलकेच मोडल्या. घरट्याला बोटही लावलं नाही हो, फक्त डहाळ्या! थोड्या वेळाने नर परत आला, पिल्लांनी चोची वासल्या आणि करंजाखालून सगळ्यांना सगळं लख्ख दिसलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तात्या, जन्माचं सार्थक केलंत!" तात्या दिवसभर हवेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच तिथे गेले. घरटं रिकामं होतं. वरच्या फांदीवर डोमकावळा चोच पुसत बसला होता आणि नर ओरडत झुडपाभोवती नुसता घिरट्या घालत होता. जे माणसांना करंजाखालून दिसलं, ते कावळ्याला दिसायला काय अडचण होती?

"अरे, काय करून बसलो मी!" तात्या स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी मोडलेल्या डहाळ्या सुतळीने जागच्या जागी बांधल्या. आता त्याचा काय उपयोग! पानांनी कधीच माना टाकल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात झुडूप पुन्हा दाट झालं, पण नर्तक आला नाही. बाई मात्र आल्या, गुडघे सांभाळत, नातीला घेऊन. नात करंजाखाली बराच वेळ ताटकळली. शेवटी तिने विचारलं, "आजोबा, आजीला दाखवलात, मग मला का नाही दाखवत?"

तात्यांना खोटं बोलवेना. "आजीला दाखवला ना बाळा, म्हणूनच," ते म्हणाले.

बाईंना आधी कळलं नाही. मग सुतळीने बांधलेल्या वाळक्या काटक्यांवर त्यांची नजर गेली आणि त्यांनी नातीचा हात घट्ट धरला.

तात्पर्य: पाखरावर माया असेल तर आधी त्याचा आडोसा राखावा, आपल्याला ते दिसलं नाही तरी चालेल.