करवंदीची खुर्ची

वीज कंपनीच्या धारवाडकर साहेबांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. बैठकीत त्यांनी हुकूम सोडला, "घाटातल्या तारांखालचं सगळं उद्या साफ करा. करवंदीच्या जाळ्यासुद्धा."

तिथल्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या केतकीला राहवेना. "साहेब, करवंद तारेपर्यंत पोचतच नाही. जाळ्यांत बुलबुलांची पिल्लं आहेत."

"मॅडम, मोकळ्या जागेनं कधी कुणाला त्रास दिलाय?" म्हणत साहेब नकाशा दाखवायला उठले. वळून पाहतात तर त्यांच्या खुर्चीत केतकी.

"अहो, ती माझी जागा आहे."

"मोकळी दिसली, म्हणून बसले. सावरीचं रोपही असंच बसतं आणि वाढून थेट तारेला भिडतं. करवंदीनं जागा धरली असेल, तर सावर बसणार कुठे?"

सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघू लागले. साहेबांना हसू आवरेना.

"करवंदीला बसू द्या. तुम्ही तेवढ्या उठा."