कुंभारणीने वाजवलेली तीन यंत्रे

एका गावात माठ घेण्याची एक जुनी रीत होती. गिऱ्हाईक आधी बोटाचे पेर माठावर वाजवून बघे आणि मगच भाव विचारी. खणखणीत वाजला तर माठ पक्का, भद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. विकणाऱ्याने मात्र स्वतः वाजवून दाखवायचे नाही, असा दंडकच होता. आपला माल कुठे बोट मारले की गोड वाजतो, हे कुंभाराला नेमके ठाऊक असते. गिऱ्हाइकाच्या बोटाला ते ठाऊक नसते, म्हणून त्या बोटाचे म्हणणे खरे धरत.

त्याच गावात एक कुंभारीण राहत होती. चाकावर ती बसे आणि आवा लावणे नवऱ्याकडे असे. आवा म्हणजे कच्ची मडकी रचून, गोवऱ्यांनी झाकून पेटवलेली भट्टी. ती पेटली की सारा खेळ धुराच्या रंगाचा. नवरा धुराकडे बघून ओरडे, "जाळ वाढव", "आता थांब", "राख टाक", आणि कुंभारीण तसे करी. त्यांचा माठ पंचक्रोशीत नावाजलेला होता.

मग नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली आणि अंगही गेले. उरले डाव्या हाताचे एक बोट आणि धूर ओळखणारे डोळे. तिने पाटीवर अक्षरे लिहून दिली. तो एकेका अक्षरावर बोट ठेवी आणि ती वाची. घरात ते ठीक होते. पण आव्यासमोर उभे असताना नजर जाळावर ठेवायची की पाटीवर? ती वळून "थांब" वाची तोवर धूर काळ्याचा निळा झालेला असे आणि आतली मडकी तडकलेली असत. दोन वर्षांत एकही आवा धड निघाला नाही. अक्षय तृतीयेला घरोघर नवे माठ लागतात, त्यासाठी तिने एक शेवटचा आवा रचायला घेतला होता. तोही गेला तर चाक उचलून ठेवायचे आणि लोकांच्या शेतावर निंदणी-खुरपणीला जायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. नवऱ्याला तिने हे सांगितले नव्हते, तरी त्याला ते कळले होते.

गावच्या मास्तरांनी तिला एकदा सांगितले की संगणकासाठी एक प्रोग्रॅम निघाला आहे. एका बोटाने शब्द उमटवला की यंत्र तो मोठ्याने बोलून दाखवते. प्रोग्रॅम फुकट आहे, फक्त यंत्र हवे आणि त्यात तो बसवता यायला हवा. हे ऐकून तिला रडू आले. मग मास्तरांनी पुढचे सांगितले, तेव्हा मात्र तिचा संताप झाला.

कारण असे होते की, गावोगावी एक एक यंत्र द्यायचे हे राजाने दोन वर्षांपूर्वीच ठरवले होते. पैसा होता, बैलगाड्या तयार होत्या. पण यंत्रे तीन जातींची होती, निळी, रुपेरी आणि हिरवी. प्रत्येकाच्या पोटात त्याला चालवणारी वेगळी प्रणाली होती आणि प्रत्येक प्रणालीचा एक शास्त्री होता. प्रोग्रॅम बसवायला आपलीच प्रणाली सर्वांत सोपी, असे तिघांचेही म्हणणे होते. घोडे तिथेच अडले. तिघांनी सभा घेतल्या, पोथ्या लिहिल्या, एकमेकांच्या पोथ्यांवर टीका लिहिल्या. शिष्यांनी तर चव्हाट्यावर एकमेकांचे बापजादे काढले. त्या सगळ्यात दोन वर्षे गेली आणि बैलगाड्या राजवाड्याच्या अंगणात तशाच उभ्या राहिल्या.

शेवटी राजा वैतागला. म्हणाला, सभा पुरे झाल्या, आता एखाद्या गावात जाऊन लोकांसमोर करून दाखवा. ज्याचे सोपे ठरेल त्याची यंत्रे गावोगावी जातील आणि त्याला मानाची शाल मिळेल. चिठ्ठी टाकली तेव्हा नेमके या कुंभारणीच्या गावाचे नाव निघाले.

चावडीवर मांडव घातला आणि राजा, प्रधान आणि सारे गाव जमले. कोणता प्रोग्रॅम बसवायचा, असे प्रधानाने विचारले आणि कुंभारणीने लगेच बोलणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव सांगितले. वेळ मोजायला घटिकापात्र, म्हणजे बुडाला भोक असलेली वाटी, पाण्यात सोडले.

निळ्या शास्त्रीने बोटे कडाकडा मोडली आणि पुढे, पुढे, मान्य, पुढे असे इतक्या झपाट्याने दाबले की लोकांना काही दिसलेच नाही. रुपेरी शास्त्रीने प्रोग्रॅमचे चित्र अलगद उचलून एका खणात ठेवले, जसा कोणी देव्हाऱ्यात बाळकृष्ण ठेवावा. हिरव्या शास्त्रीने तर कशाला हातच लावला नाही. त्याने एक ओळ लिहिली, अक्षरे धबधब्यासारखी खाली पडली आणि काम झाले. तिन्ही यंत्रे "नमस्कार" म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, राजानेही वाजवल्या. पात्र बुडायला अजून पुष्कळ वेळ होता. निळ्याचे काम दोन श्वास आधी झाले की हिरव्याचे, यावर तिघे पुन्हा भांडू लागले आणि प्रधान शाल कोणाच्या खांद्यावर टाकावी म्हणून तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

कुंभारीण हे सगळे मातीच्या हातांनी पहिल्या रांगेत बसून बघत होती. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. आपल्या डोळ्यांसमोर कुंभारच स्वतःचा माठ वाजवून दाखवतो आहे आणि सगळे गाव, जे चार दिडक्यांच्या माठालाही वाजवल्याशिवाय हात लावत नाही, ते माना डोलावते आहे, हे बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठून उभी राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "आमच्याकडं माठ घेणारीनं वाजवायचा असतो. विकणाऱ्यानं नाही."

शास्त्री हसले. गावकरी मात्र हसले नाहीत, कारण त्यांना आपली चूक समजली होती. राजाला रीत ठाऊक नव्हती, ती मास्तरांनी त्याच्या कानात सांगितली. मग राजाने हुकूम दिला की प्रोग्रॅम तिन्ही यंत्रांतून काढून टाका, आता बाई बसवतील आणि शास्त्रींनी हात पाठीमागे बांधून उभे राहायचे.

पहिले निळे यंत्र झाले. तिने शास्त्रीचे बघितले होते तसेच केले, पुढे, पुढे, मान्य, पुढे. प्रोग्रॅम बसला, पण एकटा आला नाही. घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे, अशी गत. एका कोपऱ्यात साड्यांच्या जाहिराती नाचू लागल्या, दुसरीकडे कोणीतरी यंत्राला रोग झाल्याची आवई उठवली, आणि मग यंत्र स्वतःच म्हणाले की मी आता नव्याने सुरू होतो आहे, कृपया मला बंद करू नका. ते सुरू होईपर्यंत पात्र दोनदा बुडाले. निळा शास्त्री म्हणाला की तिसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरांशेजारची बरोबरची खूण काढून टाकायची होती, हे तर शेंबडे पोरही जाणते. ती खूण तिथे घातली कोणी, असे तिने विचारले.

रुपेरी यंत्र दिसायला देखणे आणि बोलायला गोड होते. तिने चित्र अलगद उचलले, तर यंत्राच्या दारावरचा पहारेकरी आडवा आला. या प्रोग्रॅमचा कर्ता आमच्या ओळखीचा नाही, म्हणाला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. ओळखीच्या दुकानातून घ्यायचा तर आधी नाव नोंदवा, गुप्त शब्द सांगा, त्यात एक आकडा, एक चिन्ह आणि एक मोठे अक्षर हवे. आपल्या लिपीत अक्षर लहान-मोठे नसतेच, म्हणून ती बुचकळ्यात पडली. गुप्त शब्द सात वेळा नाकारला गेला आणि आठव्यांदा यंत्राने तिलाच संशयित ठरवून कुलूप लावून घेतले. हे तुमच्याच भल्यासाठी आहे, असे रुपेरी शास्त्री अगदी प्रेमाने म्हणाला.

हिरव्या यंत्राने तिला पहिल्यांदा आशा दाखवली. त्याच्या कोठारात प्रोग्रॅम होता, मागितला आणि क्षणात आला, सोबत कोणी आगंतुकही नव्हते. फक्त तो जुना होता आणि त्याला मराठी बोलता येत नव्हते. नवा हवा तर ओळ लिहायची. तिने मास्तरांना विचारून एकेक अक्षर लिहिले. यंत्र म्हणाले, याला अमुक एक सोबती लागतो. सोबती आणला, तर त्याला आणखी एक लागत होता, आणि त्या दुसऱ्याचे पहिल्याशी वयावरून पटत नव्हते. मारुतीच्या शेपटासारखे ते वाढतच गेले. हिरव्या शास्त्रीने एकच गोष्ट विचारली, "पोथी वाचलीत का?"

संध्याकाळ व्हायला आली होती. दोन वर्षांत ज्या तिघांचे एका शब्दावर जमले नव्हते, त्यांचे आता एका क्षणात जमले. दोष बाईंचा आहे, असे तिघेही म्हणाले. त्यांचा हात सरावाचा नाही, त्यांना घाई फार आहे. नाचता येईना अंगण वाकडे, असेही निळा शास्त्री पुटपुटला.

कुंभारणीचा आवाज चढला नाही. पण ती बोलली तेव्हा मांडवातली कुजबुज थांबली.

"अंगण तुम्ही सारवलंय, शास्त्रीबुवा. वाकडं आहे का ते एकदा बघा तरी. दोन वर्षं झाली, माझी मडकी तडकतायत. बायका गळके माठ परत घेऊन येतात. मी एकीलाही म्हटलं नाही, की बाई गं, तुझं पाणीच चुकीचं आहे."

राजाला स्वतःच्या टाळ्या आठवल्या आणि त्याने मान खाली घातली. मग त्याने निकाल दिला. शाल आज कोणालाच नाही. आता प्रत्येक शास्त्रीने बाईंच्या शेजारी बसायचे, हात बांधून आणि तोंड मिटून. बाईंचे बोट जिथे अडेल तिथे बाईंना शिकवायचे नाही, यंत्र दुरुस्त करायचे.

त्यांतला एक शास्त्री त्याच रात्री गावातून निघून गेला. लाखो लोक तक्रार न करता माझे यंत्र वापरतात, एका कुंभारणीसाठी मी ते बदलू का, असे तो म्हणाला. दुसरा सकाळी गेला. आधी लोकांना यंत्राच्या लायकीचे करावे लागेल, असे त्याचे मत पडले. तिसरा राहिला. तो कोणता, ते मी सांगणार नाही. सांगितले तर तुम्ही तोच वाद पुन्हा घालत बसाल, आणि आधीच दोन वर्षे वाया गेली आहेत.

तो पाच दिवस तिच्या ओसरीवर बसला. स्वतःच्याच उपरण्याने त्याने हात बांधून घेतले होते. पहिल्या दिवशी त्याचा जीव कासावीस झाला, "अहो, तिथं नाही" हे शब्द त्याने कितीदा तरी गिळले. तिचे बोट अडले की ती उठून माती मळायला जाई, तेवढ्यात तो हात सोडवून काम करी. पहिल्या दिवशी यंत्र तिला सतरा प्रश्न विचारत होते. तिसऱ्या दिवशी सहा उरले. त्यांतल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरे यंत्राला आधीच ठाऊक होती आणि तरी ते विचारत होते, हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आले, आणि त्याला लाज वाटली. पाचव्या दिवशी यंत्राने एवढेच विचारले, "हा प्रोग्रॅम बसवू का?" तिने "हो" दाबले. प्रोग्रॅम बसला आणि सोबत दुसरे कोणी आले नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने आवा पेटवला. नवऱ्याला बाजेवर टेकवून बसवले आणि यंत्र त्याच्या डाव्या हाताखाली ठेवले. नेहमीचे हुकूम त्याने आदल्या रात्रीच उमटवून ठेवले होते, आता फक्त बोट ठेवायचे होते. आता तिला पाटीकडे बघायचे नव्हते, फक्त जाळाकडे बघायचे होते. धूर काळा होता तोवर मागून काही ऐकू आले नाही. मग एक परका, सपाट आवाज म्हणाला, "जाळ कमी कर." तिने गोवऱ्या मागे ओढल्या. थोड्या वेळाने तोच आवाज म्हणाला, "थांब." आणि मग, "आता राख टाक." आवाज नवऱ्याचा नव्हता, पण शब्द त्याचेच होते आणि वेळही त्याचीच होती. राख टाकताना ती रडत होती आणि धुरामुळे रडते आहे असे तिने कोणाला सांगितले नाही.

दोन दिवसांनी आवा उघडला. तिने पहिला माठ उचलून पेराने वाजवला. तो असा खणखणला की शेजारीण भाकरी टाकून बाहेर आली.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी तो शास्त्री माठ घ्यायला आला. राजवाड्यात त्याची यंत्रे गाड्यांत भरली जात होती आणि राजाने दिलेली मानाची शाल त्याच्या खांद्यावर होती. कुंभारणीने एक माठ त्याच्यापुढे धरला आणि वाजवला नाही. चांगला आहे ना, असे त्याने विचारले.

"मला काय विचारता? बोट तुमचं, कान तुमचे," ती म्हणाली.

त्याने वाजवला. माठ पक्का होता. तो निघणार तेवढ्यात बाजेवरच्या नवऱ्याने यंत्रावर बोट ठेवले. एकेक अक्षर उमटायला फार वेळ लागत होता. शास्त्री माठ कवटाळून उभा राहिला. त्याला वाटले, आभार मानत असतील.

यंत्र सपाट आवाजात म्हणाले, "दोन वर्षं भांडत कशावर होता?"

शास्त्रीने शाल खांद्यावरून काढली, घडी करून बाजेच्या पायथ्याशी ठेवली आणि माठ घेऊन गेला. कुंभारणीने त्या शालीत आणखी दोन माठ गुंडाळून बाजाराला नेले.

तात्पर्य: वस्तू सोपी आहे का, हे ती बनवणाऱ्याच्या सरावलेल्या हाताला विचारू नये, जिला ती वापरायची आहे तिच्या बोटाला विचारावे, आणि उत्तर आवडले नाही तर वस्तू बदलावी, बोटाला दोष देऊ नये.