आयाळ आणि घंटा

स्पेन देशाच्या दक्षिणेला, दलदलीच्या काठावर एक मठ होता. त्या मठाच्या पागेत एक शुभ्र घोडा राहत असे. बालमित्रांनो, असातसा घोडा नव्हे! त्या जातीची शिंगरे बहुधा काळीसावळी जन्मतात आणि वयाबरोबर पांढरी होत जातात. त्याच्या वाडवडिलांनी राजांना पाठीवर मिरवले होते, रणात छाती पुढे काढली होती, आणि तरी स्वभाव असा गरीब की लहान मुलाने लगाम नुसता हलवला तरी वळावे. मठातल्या साधूंनी हे कुळ जिवापाड जपले होते. त्याचा अभिमान कुणाला वाटणार नाही? आमच्या घोड्याला तर तो जरा जास्तच वाटे.

तिथल्या रीतीप्रमाणे नरांची आयाळ लांब राखत आणि माद्यांची कातरून टाकत. कळपात एक म्हातारी घोडी होती. तिच्या गळ्यात घंटा असे आणि चरायला जाताना सगळा कळप त्या घंटेमागे चाले. "बोडक्या मानेच्या म्हातारीमागे मी जाऊ?" घोडा नाक फेंदारून म्हणे. मनोऱ्यावरचा करकोचा त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला टपलेलाच असे. "छे छे, महाराज! आपण पुढे, जग मागे!"

एके सकाळी शत्रूचे सैनिक घोडे पळवायला आले. म्हाताऱ्या साधूने घाईघाईने पागेचे मागचे दार उघडले. "दलदलीपलीकडच्या बेटावर जा, पोरांनो! तुम्ही सापडलात तर हे कुळ बुडालं समजा." बाहेर दाट धुके होते. म्हातारीने घंटा वाजवत नेहमीची वळणाची वाट धरली. घोडा मात्र ऐटीत पाय उचलत सरळच निघाला. त्याचा तो रुबाब पाहून त्याचे स्वतःचे शिंगरू हुरळले, त्याच्याही पुढे धावले आणि पोटापर्यंत चिखलात रुतले.

घोडा जागीच थबकला. पाऊल पुढे टाकावे, तर तोही रुतणार. तेवढ्यात शिंगराचे ओरडणे ऐकून मागे वळून आलेली म्हातारी ओरडली, "पुढं जाऊ नकोस, लेकरा! मान खाली घाल. माझी आयाळ कातरलेली, तुझी लांब आहे."

घोड्याने मान चिखलाला टेकवली. शिंगराने आयाळ दातांत घट्ट धरली. घोडा मागे मागे रेटत राहिला. आयाळीचे झुपकेच्या झुपके उपटून निघाले, डोळ्यांत पाणी आले, पण शिंगरू बाहेर येईपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग तो मुकाट्याने रांगेच्या शेवटी गेला आणि रेंगाळणाऱ्या शिंगरांना ढोसत, घंटेच्या आवाजामागे बेटावर पोचला. सैनिकांच्या हाती रिकामी पागा लागली.

सैनिक निघून गेल्यावर कळप परतला. करकोचा फिदीफिदी हसला. "महाराज, आयाळ कुठं हरवली?"

घोड्याने चिखलाने माखलेली मान डौलात उंचावली. "हरवली नाही. माझ्या पोराच्या दातांत आहे."

एवढ्यात घंटा वाजली, आणि तो म्हातारीमागे चरायला निघाला.

तात्पर्य : कुळासाठी ज्याला मान वाकवता येते, त्यानेच कुळाच्या नावाने ती ताठ ठेवावी.