शेवटच्या वस्तीची घंटा

त्या राज्यात पाणी गोड होतं आणि तहान काही भागत नव्हती.

रीतच तशी होती. कुणी कण्हलं, की वरचे लोक पाटात गुळाची ढेप सोडत. पार टोकाच्या पाच वस्त्यांतून ओरड आली, पाणी पोचत नाही म्हणून, तेव्हाही त्यांनी गूळच सोडला. काय म्हणावं या शहाण्यांना! पाणी काकवीसारखं दाटलं आणि टोकाच्या बारीक पाटांची दारं चिकटून बसली.

ती दारं करडईच्या तेलावर चालत. तेल काढणारा तेली होता, घाणा होता, पण दाणाच येईना. वाटेत जात्यावर दाणे भरडणारा भरड्या बसलेला, वरून येणारी सगळी करडई तोच भरडून टाकी. पाटाच्या पाण्यावर फिरणारं त्याचं जातं गोडाने पिसाटलं होतं. भरड्या दुष्ट नव्हता हो. समोर आलेला दाणा भरडायचा, एवढंच त्याला येई. तेल्याने मूठभर दाणे मागितले, तर भरड्याला मान वर करायला फुरसत नव्हती.

त्या पाचांतल्या सगळ्यात धाकट्या वस्तीत सुंद्रा राहायची. कुंपणाला काही टोचलं, भाजलं, की घंटा वाजवून राज्याला सावध करायचं, हे तिचं काम. शेजारणींच्या घंटा एकेक करून गप्प झाल्या होत्या. एका वस्तीवर निखारा पडला, ती जळून गेली, आणि वर कुणाला पत्ताही लागला नाही. त्या जळण्याचा वास अजून सुंद्राच्या दारात यायचा. आपलंही असंच होणार, या भीतीने ती घंटेचा दोर सोडत नव्हती.

मग एके सकाळी पाटातून पांढरे खडे वाहत आले, थेट करडईच्या दाण्यासारखे. कुणी पाठवले, देव जाणे. भरड्याने ते हावरटासारखे जात्यात ओतले. खडे भरडेनात, बाहेरही पडेनात. जातं अडलं. करडई त्याच्या समोरून पुढे गेली, घाणा फिरला, दारांना तेल लागलं. एकेक दार कुरकुरत उघडू लागलं.

सुंद्राला पाण्याची खळखळ ऐकू आली. तेवढ्यात आभाळातून काहीतरी लांब, टोकदार उतरलं आणि तिच्या कुंपणात रुतलं. तिने दोर ओढला. ओढला की नाही, हे तिच्या हातालाच कळेना.

आभाळापलीकडून आवाज आला, "आजी, डोळे मिटूनच सांगा. पायाच्या करंगळीला टोचतंय का?"

सगळं राज्य कान देऊन बसलं. पाणी सुंद्राच्या वस्तीपासून अजून एक दार दूर होतं.