अर्ध्या खांबाचा डोंगर

कातळवण्याच्या डोंगरमाथ्यावर, माळ एकाएकी खाली बसावा तसा, एक खोल खळगा आहे. त्याच्या काठचा दगड घासला की बोट काळं, तुळतुळीत होतं. आलेले पाहुणे हटकून घासून बघतात आणि मग ते पुसायचं कुठे म्हणून स्वतःच्याच कपड्यांकडे बघत बसतात. गावदेवळाचे म्हातारे पुजारी अनाजी घाडी त्यांना हसून घेतात आणि मग सांगू लागतात.

ही काळी शीर. हल्ली तिला ग्राफाइट म्हणतात. त्या काळी सोनारांच्या मुशींना आणि गाड्यांच्या आसांना ती लागे. बाबल परब आपल्या जमिनीत विहीर खणत असता त्याला ती सापडली, असे सांगतात. पण या डोंगराचे थर भाकऱ्यांची चवड कलंडावी तसे तिरपे. बाबल शिरेच्या मागोमाग खणत गेला आणि ती सरकत सरकत शेजारच्या माळाखाली शिरली. तो माळ भिकाजी राऊळाचा, म्हणजे बाबलच्या धाकट्या बहिणीच्या, सत्यवतीच्या नवऱ्याचा.

बाबल म्हणे, शिरेचं तोंड माझ्या जमिनीत, मग शेपूट कुठेही जावो, ती माझीच. भिकाजी म्हणे, वरचा माळ माझा, तर खालचा काळोखही माझाच. मेहुण्या-मेहुण्यांचं बोलणं बंद झालं आणि सत्यवतीची दोन्हीकडून ओढाताण सुरू झाली. शेवटी गावचे मानकरी, गावकर, निवाड्याला बसले. ज्याने त्याने आपापल्या बाजूने खणावं, मध्ये हद्दीवर शिरेचाच जाड खांब न खणता राखावा, म्हणजे वरचा डोंगर तोलून राहील, असं ठरलं. निवाडा चांगला होता. चुकला तो एक शब्द. खांब कोणाचा, असं कोणी विचारलं, तेव्हा गावकर बोलून गेले, "दोघांचो, अर्धो अर्धो." देवाचा म्हणाले असते तर त्याला कोणी हात लावला नसता. अनाजींना याची अजून हळहळ वाटते.

काही वर्षांनी शीर बारीक होत गेली. चांगला माल उरला तो खांबातच. बाबल रोज त्याच्याकडे बघे. अर्धा तर आपलाच आहे, त्यातलं थोडं काढलं म्हणून काय बिघडलं? भिकाजीचा अर्धा आहे ना तोलायला. त्याने तासायला सुरुवात केली. पलीकडची बाजू त्याला दिसत नव्हती, आणि विचारायचं तर बोलणं नव्हतं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्या खांबाची गत झाली.

एका दुपारी माणसं पेज प्यायला बाहेर आली असता डोंगर खाली बसला. भिकाजी तेवढा आत राहिला होता.

सत्यवती आली. रडली नाही, म्हणे. तिने भावाला एवढंच विचारलं, "दादा, खांब कितको तासलंस?"

"माज्या अर्ध्यातलोच," बाबल म्हणाला.

"तेंनी पण आपल्या अर्ध्यातलोच तासल्यानी," ती म्हणाली आणि निघून गेली.

बाबलने पुन्हा शिरेला हात लावला नाही. दर भाऊबीजेला तो अंगणाकडे तोंड करून पाटावर बसे. बहीण येत नसे. बायको म्हणे, आता उठा, पण त्याला उठवत नसे. आपण खांब नाही, बहिणीचं घर तासलं, हे त्याला पुरतं कळलं होतं आणि कळून आता काही उपयोग नव्हता.

तो थकला त्या वर्षी सत्यवती आली. हातात निरांजन होतं. बाबलने डोक्यावर टोपी घातली, मान पुढे केली. ती त्याच्या पुढून सरळ आत गेली, घराच्या मधल्या मेढीला, सगळं छप्पर तोलणाऱ्या खांबाला, कुंकू लावलं, तिला ओवाळलं, आणि भाच्यांना म्हणाली, "हेचो अर्धो कधी करू नकात." मग आली तशी परत गेली.

आजही कातळवण्यात भाऊ वेगळे निघाले तरी मधली मेढ कोणाच्या वाटणीत धरत नाहीत, आणि भाऊबीजेला बहीण आधी तिला ओवाळते, मग भावाला. घर उभं राहावं म्हणून, असं आया पोरींना सांगतात. त्या दिवशी बाबल परब दिवेलागणीपर्यंत टोपी घालून पाटावर बसून होता, हे मात्र कोणी सणाच्या दिवशी सांगत नाही.