बिनधुराची चूल आणि साळुंकी

फार फार पूर्वीची गोष्ट. त्या काळी पाखरं माणसांशी बोलत, आणि माणसं अधूनमधून त्यांचं ऐकतही असत. आता दोन्ही बंद पडलंय, पण ते असो.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या टोकाला गोजरा नावाची एक तरुण कुंभारीण राहायची. लहानपणापासून तिला एक खोड होती. कुठलीही गोष्ट पाहिली की 'असं का?' म्हणून विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याचा पिच्छा सोडायची नाही.

गोजराच्या आईने जन्मभर फुंकणीने चूल फुंकली होती. धुराने तिची नजर अधू होत होत पार गेली. गोजराच्या मनाला ते फार लागलं. तिने मातीत पुष्कळ डोकं लढवलं आणि शेवटी एक नवी चूल घडवली. तिला मागच्या अंगाने मातीचं नळकांडं होतं, आणि सगळा धूर त्यातून भिंतीबाहेर जायचा.

घरची भट्टी थोरल्या भावाच्या हातात होती. तो म्हणाला, "जत्रेपर्यंत भट्टीत तुझ्या चुली लाव. जत्रेत खपल्या तर तुझं खरं. नाही खपल्या तर चुलीचे साचे मोडायचे आणि गुमान रांजण घडवायला बसायचं."

"चालेल, दादा," गोजरा म्हणाली. आणि ती लगेच माती मळायला बसली.

त्याच सुमारास एक पाखरवाला गावात आला. त्याच्या पिंजऱ्यांत अजब साळुंक्या होत्या. मालाचं नाव एकदा कानावर घातलं की त्या त्यावर नवनवी गाणी रचायच्या आणि दिवसभर न दमता, गोड गळ्याने ओरडायच्या. बघता बघता बाजारात दुकान तिथे साळुंकी झाली. तेल्याकडे साळुंकी, कासाराकडे साळुंकी, घोंगडीवाल्याकडे तर जोडी!

पहिल्यांदा लोक हरखले. मग साळुंक्या एकमेकींचं ऐकून तीच गाणी गायला लागल्या. घोंगडीवाल्याची साळुंकी एके दिवशी म्हणाली, "घ्या हो घोंगडी, ताजी ताजी, खमंग!" पुढे पुढे लोक कानात कापसाचे बोळे घालूनच बाजाराला यायला लागले.

गोजरानेही एक साळुंकी आणली होती. तीही गायची, "बिनधुराची चूल घ्या गं, डोळ्यांना गारवा द्या गं!" बायका थांबायच्या. नळकांड्यात डोकावायच्या. "हात चांगलाय हो पोरीचा," म्हणायच्या आणि रिकाम्या हाताने पुढे जायच्या.

गोजराने गाणं बदलून पाहिलं, चाल बदलून पाहिली. चूल काही जागची हलली नाही. जत्रा जवळ येत चालली.

'नावं कुणी ठेवत नाही, मग घेत का नाहीत?' तिला काही केल्या कळेना. बायकांना विचारलं तर त्या नुसत्या हसून म्हणायच्या, "बघू की सवडीने."

तेव्हा ती साळुंकीकडे वळली. "काय गं, तू दिवसभर बोलतेस. तुला ऐकूही येतं ना?"

"न ऐकता बोलायला शिकले का मी?" साळुंकी फुरंगटून म्हणाली. "पण मला कुणी ते विचारलंच नाही. सगळ्यांना माझा गळा हवा."

"मग आता ओरडू नकोस. पाणवठ्यावरच्या झाडावर जाऊन बस. चारचौघांत बोलतात तेवढंच ऐक, आणि ऐकलेलं जसंच्या तसं मला सांग."

साळुंकी गेली आणि ढीगभर बोलणं घेऊन आली. कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली, कुणाच्या कणसांना कीड लागली. गोजरा मन लावून ऐकत होती. एकदम तिने हात वर केला.

"थांब. कणसांचं काय म्हणाल्या?"

"बियाण्याची कणसं गं. काजळी धरली नाही की कीड लागते, असं. बऱ्याच जणी म्हणत होत्या. पण त्यात चुलीचं नाव नव्हतं, म्हणून मी ते शेवटाला ठेवलं."

गोजरा तशीच उठली आणि ओळखीच्या एका शेतकरणीच्या घरी गेली. बाई भाकऱ्या थापत होती. घरभर धूर कोंडला होता. गोजराने डोळे पुसत वर पाहिलं. चुलीच्या बरोबर वर, आढ्याला, कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. काजळीने काळ्याभोर झालेल्या.

"मावशी, ही इथं का गं टांगलीत?"

"पुढच्या पेरणीचं बियाणं हाय ते. धूर लागला की किडा शिवत न्हाई." बाईने पदराने डोळे टिपले. "तुझी चूल लई ग्वाड हाय बघ. पर डोळं माझ्या एकलीचं, आन् बियाणं समद्या घराचं."

गोजराला भरून आलं. कुंभाराच्या घरी शेत नसतं. सुगीला मडक्यांच्या बदल्यात धान्य येतं, ते खाऊन संपतं. बियाणं राखणं तिला ठाऊकच नव्हतं. आपल्या आईच्या डोळ्यांच्या दुःखापुढे तिला दुसऱ्यांचं आढं कधी दिसलंच नव्हतं.

घरी येऊन तिने नळकांड्याला घराच्या आतल्या बाजूने आणखी एक तोंड पाडलं आणि त्यावर फिरती झाकणी बसवली. स्वयंपाक चालू असताना धूर बाहेर. स्वयंपाक उरकला की झाकणी फिरवायची, निखाऱ्यावर शेणाची एक गोवरी ठेवायची आणि अंगणात जाऊन बसायचं. धूर वर आढ्याला. पहिली चूल तिने त्या मावशीच्याच घरी मांडून दिली.

जत्रेचा दिवस उजाडला. साऱ्या साळुंक्या जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. गोजराची साळुंकी म्हणाली, "मी आज काय गाऊ?"

"गाऊ नकोस. येईल तिला हळूच विचार, बाई, तुमचं बियाणं कुठं टांगलंय?"

साळुंकी तेवढंच विचारत राहिली. ही साळुंकी ओरडत नाही हे पाहून बायका चमकून थांबल्या. कानातले बोळे काढून त्यांनी तिचं बोलणं ऐकलं. मग जी ती आपल्या आढ्याबद्दल बोलू लागली. तेवढ्यात ती मावशी तिथे आली. तिच्या डोळ्यांत आज लाली नव्हती. ती म्हणाली, "माझ्या घरी येऊन बघा गं. कणसं बी काळी हायत आन् मी बी रडत न्हाई."

दिवस कलायच्या आत एकही चूल उरली नाही. थोरला भाऊ रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाला, "साचे जपून ठेव. रांजण मी घडवीन."

आईची नजर काही परत आली नाही. पण त्या संध्याकाळी भिंतीला टेकून बसलेल्या आईने हात लांब करून गोजराचे डोळे चाचपले. ते ओले होते. "धुराने?" तिने विचारलं.

"नाही गं आई," गोजरा म्हणाली.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: सांगायला हजार गळे मिळाले तरी, ज्याला सांगायचं आहे त्याचं आधी ऐकून घ्यावं.